टोपीकरांच्या मागणीचीं चिनी पात्रें : तीन रूढ मतांचें परीक्षण

युरोपीय गिऱ्हाइकांच्या मागणीवरून चीन देशांत घडविलेल्या चिनी मातीच्या पात्रांविषयीं, विशेषतः जेवणाच्या व चहाच्या सरंजामाविषयीं, संग्राहक मंडळींत तीन मतें दीर्घकाळ रूढ आहेत. पहिलें असें कीं, यांपैकीं बरींच पात्रें मुळीं चिनी नसून इंग्लंडांतील एका कारखान्याचीं आहेत. हें मत जाणत्यांनीं केव्हांच टाकून दिलें. परंतु त्यानें रूढ केलेलें नांव अद्याप ऐकूं येतें. दुसरें मत असें कीं, हीं सर्व पात्रें ईस्ट इंडिया कंपन्यांचा माल होय. तिसरें व आमच्या मतें सर्वांत घातक मत असें कीं, हीं पात्रें म्हणजे चिनी कारागिरांनीं बुद्धि गहाण ठेवून केलेल्या नकला असून त्यांवरील चुका हाच त्यांच्या हीनतेचा पुरावा आहे.

या तिन्ही मतांची छाननी करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : हीं पात्रें प्रथम दस्तऐवज म्हणून वाचलीं पाहिजेत, आणि मग त्यांचा कलेच्या दृष्टीनें निवाडा केला पाहिजे. पोथीच्या नकलेस आपण जो न्याय लावतों तोच यांस लावला, तर जे दोष म्हणून हिणविले जातात तेच इतिहासाच्या कामीं अत्यंत मोलाचे ठरतात.

१. नांवांचा घोळ

विल्यम चॅफर्स यांनीं १८६३ मध्यें मातीच्या व चिनी मातीच्या भांड्यांवरील खुणांचा आपला सुप्रसिद्ध कोश छापला. इंग्रज घराण्यांचीं कुलचिन्हें असलेलीं कठीण चिनी मातीचीं पात्रें इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लोस्टॉफ्ट येथील होत, असें जें मत पुढें पसरलें त्याचें जनकत्व त्यांजकडे जातें. मत मोहक होतें. पात्रावर इंग्रज घराण्याची ढाल, इंग्रजी आद्याक्षरें, इंग्रजी मेजास लागणारा आकार. मग तें इंग्लंडचें नसेल तर कोठचें, असा तर्क सहज सुचतो.

परंतु या तर्कांत मूळ चूक अशी कीं, तो मजकुरावरून कागद ठरवितो. मजकूर फारसी असला म्हणून कागद इराणांत तयार झाला असें आपण म्हणत नाहीं. कागदाचा लगदा, घोटाई व जाळीच्या रेषा पाहतों. तसेंच येथें पात्राचें अंग पाहिलें पाहिजे. लोस्टॉफ्टचा कारखाना १७५७ मध्यें निघाला व अठराव्या शतकाच्या अखेरीस बंद पडला. तेथील माती हाडांची राख मिसळलेली, मऊ जातीची होती. चीनमधील पात्राचें अंग केओलिन व पेतुन्त्से, म्हणजे पांढरी माती व भुकटी केलेला खडक, यांच्या मिश्रणाचें, अतिशय तीव्र आंचेवर भाजलेलें व कठीण असतें. १९०२ च्या सुमारास लोस्टॉफ्टच्या जुन्या जागीं खोदकाम होऊन सांचे व भट्टींत बिघडलेले तुकडे सांपडले. ते मऊ मातीच्या मालाचे होते. येथें या वादाचा निकाल लागला. तरी 'पौर्वात्य लोस्टॉफ्ट' हें नांव दुकानदारांच्या यादींत कितीएक वर्षें टिकलें. खोटी वंशावळ एकदां दप्तरांत शिरली म्हणजे ती काढणें किती कठीण, याचें हें चांगलें उदाहरण होय.

'कंपनीचीं पात्रें' हें दुसरें नांव इतकें खोटें नसलें तरी तितकेंच घोटाळ्याचें आहे. त्यानें दोन भिन्न व्यवहार एका झाकणाखालीं येतात. इंग्रज कंपनी स्वतःच्या खात्यावर जो माल आणी तो बहुतेक ठराविक नमुन्याचा व घाऊक असे, आणि ही घाऊक आयात तिनें १७९१ मध्यें बंद केली. कुलचिन्हांकित सरंजाम हा प्रायः जहाजाचा कप्तान व त्यावरील व्यापारी मुखत्यार यांस जो खाजगी व्यापाराचा हक्क असे, त्यांतून येई. हा भेद केवळ शब्दाचा नव्हे. अशा सरंजामाची मूळ मागणी जो कंपनीच्या सरकारी वह्यांत शोधील त्याच्या हातीं फारसें लागणार नाहीं. त्यानें घराण्यांचे खाजगी कागद, कप्तानांचीं बीजकें व पत्रें पाहिलीं पाहिजेत. चुकीचें नांव शोधकास चुकीच्या दप्तराकडे नेतें, एवढ्याचसाठीं तें टाकून दिलें पाहिजे.

२. पात्र घडे कसें

तिसऱ्या मताची परीक्षा करण्यापूर्वीं पात्र किती हातांतून जात असे हें पाहणें अवश्य आहे. मालाचें मूळ ठिकाण जिआंग्सी प्रांतांतील जिंगदेझेन. तेथें राहिलेला फ्रेंच जेझुइट पाद्री दांत्रकोल याचीं १७१२ व १७२२ चीं पत्रें प्रसिद्ध आहेत. एक पात्र तयार होईपर्यंत तें सत्तर हातांतून जातें. एक जण केवळ बाह्यरेषा काढतो, दुसरा केवळ रंग भरतो, अशी तेथील श्रमविभागणी त्यानें वर्णिली आहे. त्याचें आणखी एक निवेदन आमच्या विषयास फार महत्त्वाचें आहे. युरोपच्या नमुन्यावरील माल करणें कुंभारांस जोखमीचें वाटे. कारण, किंचित् व्यंग निघालें तरी व्यापारी तो नाकारीत, आणि नाकारलेला माल चिनी गिऱ्हाईक आपल्या अभिरुचीचा नाहीं म्हणून घेत नसे. म्हणजे त्या विचित्र आकृतींचा सारा धोका कुंभाराच्या माथीं बसे. 'बुद्धि गहाण' ठेवणाऱ्या कारागिराची ही दुसरी बाजू टीकाकारांच्या लेखांत क्वचितच येते.

जिंगदेझेनहून माल पोयांग सरोवर व गान नदी यांच्या मार्गें दक्षिणेस जाई. मेइलिंगच्या घाटांत हमाल तो खांद्यावरून पलीकडे नेत. मग पुन्हां नावेनें कँटनास उतरे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुष्कळ पात्रें पांढरींच कँटनास येऊं लागलीं व युरोपीय चित्रें तेथील कारखान्यांत झिलईवर मिन्याच्या रंगांनीं काढून पुन्हां मंद आंचेवर भाजलीं जाऊं लागलीं. १७६९ मध्यें विल्यम हिकी या इंग्रजानें कँटनासमोरील होनाम येथें असा एक कारखाना पाहिला. लांबच लांब दालनांत शंभरांवर माणसें रंगकाम करीत बसलीं होतीं, त्यांत वृद्ध होते तशीं सहा-सात वर्षांचीं मुलेंही होतीं, असें त्यानें लिहून ठेविलें आहे.

नमुना पाठविण्याची चाल याहून जुनी आहे. वलंदेज कंपनीनें १६३५ मध्यें फॉर्मोसा बेटांतून लांकडाचे कांतलेले नमुने चिनी कुंभारांकडे पाठविले; कारण मिठाचीं पात्रें, मोहरीचीं भांडीं, मुठीचे पेले असले वलंदेजी मेजाचे आकार तिकडे कोणास ठाऊक नव्हते. फिरंग्यांचा व्यवहार त्याहूनही आधींचा. मलाक्का व पुढें मकाव येथून त्यांचा माल गोव्यास येई व तेथून लिस्बनच्या जहाजांत चढे. आमच्या कोंकणपट्टीच्या बंदरांचा या कथेशीं प्रत्यक्ष संबंध येतो तो येथें. आणि पुढें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईहून कँटनास जाणाऱ्या कापसानें इंग्रजांच्या चिनी खरेदीचा कांहीं भार उचलला, तेथें.

३. चुकांचें वाचन

आतां मुख्य विषय. पोथीच्या शेवटीं लेखक बहुधा अशा अर्थाचा श्लोक लिहितो कीं, पुढ्यांत जसें पुस्तक होतें तसें उतरलें. शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मजवर ठेवूं नये. चिनी चित्रकारास हा श्लोक ठाऊक नव्हता, पण त्याची स्थिति हुबेहूब तीच होती. त्याच्या पुढें आलेली लिपि त्यास वाचतां येत नव्हती, आणि ढालीवरील खुणांचा अर्थ सांगणारें कोणी जवळ नव्हतें. अशा नकलनविसाच्या चुका तीन प्रकारच्या असतात, आणि तिन्ही या पात्रांवर दिसतात.

पहिला प्रकार दिशेचा. पोर्तुगालचा राजा मॅन्युएल (कारकीर्द १४९५–१५२१) याचीं चिन्हें असलेलीं निळ्या रंगाचीं चिनी पात्रें युरोपच्या मागणीच्या अगदीं आरंभींच्या मालांत मोडतात. त्यांतील एका झारीवर राजाची ढाल खालीं डोकें वर पाय अशी रंगविली आहे. हा राजचिन्हाचा अपमान नव्हे आणि आळसही नव्हे. ज्या चित्रांत माणूस, झाड वा पशु नाहीं, नुसत्या खुणा आहेत, त्याची वरची बाजू कोणती हें सांगितल्यावांचून कळावयाचें कसें? झारी आपणांस एवढेंच सांगते कीं, नमुना गेला पण त्याबरोबर खुलासा गेला नाहीं. आरंभींच्या व्यवहाराचें स्वरूप कळण्यास हा पुरावा दहा बिनचूक पात्रांहून अधिक उपयोगी आहे.

दुसरा प्रकार अतिरिक्त प्रामाणिकपणाचा. समासांतील टीप मूळ मजकुरांत शिरते, तशांतला हा दोष होय. नमुन्यावर लिहिलेलीं रंगांचीं नांवें चित्रकारानें अक्षरशः पात्रावर उतरल्याच्या कथा संग्राहकांत पुष्कळ आहेत. त्यांतील दंतकथेचा भाग बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उघड दिसते. इंग्रज गृहस्थ पुष्कळदां आपल्या पुस्तकांत चिकटवावयाची छापील नाममुद्राच नमुना म्हणून पाठवीत. ती काळ्या शाईची. सतराव्या शतकापासून अशा छापांत रंग दाखविण्याचा संकेत असा कीं, उभ्या रेषा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा, टिंबें म्हणजे सोनेरी. हा संकेत कँटनांत कोणास ठाऊक असणार? म्हणून रेषा रेषा म्हणूनच उतरत. जेथें ढालीवर रंगाऐवजीं अशी बारीक रेखाटणी दिसते, तेथें नमुना छापील होता हें अनुमान बहुधा बिनधोक करतां येतें. चुकीनेंच मूळ प्रतीचें स्वरूप सांगितलें.

तिसरा प्रकार सोप्या पाठाचा. नकलनवीस न कळलेला शब्द टाकून त्या जागीं ओळखीचा शब्द घालतो. ढालीच्या दोहों बाजूंचे सिंह चिनी देवळाच्या दारावरील सिंहासारखे होतात. येशूच्या चरित्रांतील प्रसंग छापील चित्रांवरून काळ्या रेषांत रंगविलेलीं जीं पात्रें 'जेझुइट पात्रें' म्हणून ओळखलीं जातात, त्यांवर चेहऱ्यांची ठेवण हळूच पूर्वेकडे झुकते. येथें चित्रकार नक्कल सोडून स्वतःच्या भाषेंत बोलूं लागतो. जो त्यास बुद्धिहीन नकलनवीस म्हणतो, त्यानें हा तिसरा प्रकार पाहिलाच नाहीं.

या तिन्ही प्रकारांस एक कसोटी लावतां येते. ती म्हणजे मूळ प्रतीची. स्टॅफर्डशायरांतील ओकोव्हर घराण्याकरितां १७४० च्या सुमारास जो भव्य सरंजाम झाला, त्याचा रंगीत नमुना सुदैवानें शिल्लक आहे. तो चिनी थाळीकरितां नमुना असून परत करावयाचा आहे, अशी सूचनाही त्यावर आहे. नमुना पूर्ण रंगीत, जागच्या जागीं मांडलेला व स्पष्ट. आणि थाळी त्याबरहुकूम, अत्यंत नाजुक हातानें उतरलेली. ही जोडी पाहिल्यावर निष्कर्ष टाळतां येत नाहीं. ज्या कारागिरांच्या हातून मूळ प्रत शुद्ध असतां नक्कल शुद्ध निघते, त्यांच्या इतर चुकांचा मोठा वांटा मूळ प्रतीकडे, म्हणजे मागणी करणाऱ्याकडे, जातो.

४. दोन साक्षी

प्रतिपक्ष सॅम्युअल शॉ याची साक्ष काढतो. १७८४ मध्यें चीनला गेलेल्या पहिल्या अमेरिकन जहाजाचा हा व्यापारी मुखत्यार. अमेरिकेच्या युद्धांतील अधिकाऱ्यांच्या सिनसिनाटी नामक मंडळाचें चिन्ह देवतांसह पात्रांवर घालावें असें त्याच्या मनांत होतें. नामांकित चित्रकार गांठला, पण त्यास एकेक आकृति काढतां आली, तरी त्यांची जुळणी करतां येईना. यावरून चिनी लोक नक्कल तेवढी करतात असें शॉनें लिहून ठेविलें. परंतु शॉनें दिलें काय होतें, तें पाहावें : देवतांचीं दोन निरनिराळीं छापील चित्रें, एका सैनिकाची आकृति व मंडळाचें पदक. या चार तुकड्यांवरून परक्या पुराणांतील प्रसंग नव्यानें रचावयाचा होता. आमच्याकडील कुशल मूर्तिकारास ग्रीक देवतांचे सुटे छाप देऊन 'यांचा प्रसंग जुळवा' म्हटलें, तर तो काय करील? अखेर कीर्तिदेवता हातीं तें पदक धरून उभी, असा एकच आकृतीचा साधा नमुना पात्रांवर आला, आणि तो चांगला साधला. त्यांतील ३०२ नगांचा सरंजाम १७८६ मध्यें जॉर्ज वॉशिंग्टनकरितां विकत घेण्यांत आला. शॉची साक्ष नमुन्याच्या दोषाची आहे, हाताच्या दोषाची नव्हे.

दुसरी साक्ष याच्या उलट टोंकाची. वलंदेज कंपनीनें १७३४ मध्यें ॲम्स्टरडॅमचा चित्रकार कॉर्नेलिस प्रोंक यास नमुने काढण्यास नेमिलें. त्याच्या पहिल्या नमुन्यांत एक स्त्री पाणपक्ष्यांसमोर उभी आहे व दासीनें तिजवर छत्री धरिली आहे. हा एका वलंदेजाच्या कल्पनेंतला चीन. तो चीनला पाठवून चिनी कारागिराकडून काढविला. जपानांतील अरिता येथेंही हाच नमुना गेला, आणि तेथें त्या स्त्रियांस जपानी वेष मिळाला. खर्च फार येतो म्हणून कंपनीनें १७४० च्या सुमारास हा प्रयोग सोडून दिला. कलेच्या दृष्टीनें तो पूर्ण यशस्वी नव्हे. प्रोंकच्या चौकटी जड आहेत आणि मधलें चित्र त्यांत कोंडल्यासारखें दिसतें. पण येथेंही दोष वाहिला जातो तो नकलेचा, वास्तविक तो रचनाकाराचा आहे.

५. गुणदोषांचा निवाडा

आम्ही या पात्रांची सरसकट तरफदारी करीत नाहीं. डेव्हिड सँक्चुअरी हॉवर्ड यांनीं १९७४ व २००३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांत ब्रिटिश घराण्यांच्या कुलचिन्हांकित सरंजामांची जी नोंद केली आहे, ती हजारोंच्या घरांत जाते. ती चाळतां चढउतार स्पष्ट दिसतो. १७२० ते १७४० च्या दरम्यानच्या चांगल्या पात्रांत मध्यें परकी ढाल व काठावर चिनी फुलवेल अशी दोन भाषांची मांडणी असते आणि कोणी कोणास दडपीत नाहीं. कोटनच्या ली घराण्याच्या, १७३० नंतरच्या दशकांतील थाळ्या या बाबतींत अप्रतिम आहेत. मध्यें कुलचिन्ह, आणि काठावरील कप्प्यांत आळीपाळीनें लंडनचें व कँटनचें नदीवरील दृश्य. ज्या दोन बंदरांमुळें ती थाळी अस्तित्वांत आली, तीं दोन्ही तिच्या काठावर समोरासमोर येतात. ही कल्पना सुचविणारा कोण होता तें असो. ती निभावणारा हात अस्सल होता.

याच्या उलट १७८० नंतरच्या मालांत काठ आखडतो, ढाल बोटभर होते, आणि मधला पांढरा भाग ओसाड पडतो. युरोपांतील रुचि साध्या अभिजात वळणाकडे गेली व मागणीही तशीच गेली. हा उतार खरा आहे व तो मान्य केला पाहिजे. मात्र त्याचें कारण मागणी करणाऱ्याच्या बदललेल्या अभिरुचींत आहे. चिनी हाताच्या स्वभावगत उणीवेंत तें शोधणें न्याय्य नव्हे.

कालनिर्णयाच्या कामीं तर साधें पात्रही उपयोगी पडतें. विवाह झाला कीं ढालीचा अर्धा भाग पत्नीच्या कुळास मिळतो. ती वारस असेल तर तिचें चिन्ह मध्यावर लहान ढालींत येतें. विधवेचें चिन्ह शंकरपाळ्याच्या आकृतींत येतें. त्या घराण्याची वंशावळ हातीं असली, म्हणजे पात्राचा काळ कित्येकदां थोड्या वर्षांच्या मर्यादेंत आणतां येतो. शिक्क्यांवरून पत्राचा काळ ठरविणाऱ्या आमच्या वाचकांस ही रीत परकी वाटणार नाहीं.

६. कागद आणि पात्र

ज्यावांचून या विद्येचा पाया कच्चा राहतो, ती गोष्ट शेवटीं सांगावयाची. 'गेल्डरमाल्सेन' हें वलंदेज जहाज कँटनाहून परत जातांना जानेवारी १७५२ मध्यें दक्षिण चिनी समुद्रांत खडकावर आपटून बुडालें. त्याचें बीजक कंपनीच्या दप्तरांत सुरक्षित राहिलें : २०३ पेट्यांत सुमारें २ लक्ष ३९ हजार नग, त्यांत १७१ जेवणाचे सरंजाम, चहाच्या पेल्या-बश्या ६३,६२३, कॉफीच्या १९,५३५, लोण्याचीं पात्रें १९५. पुढें १९८५ मध्यें मायकेल हॅचर यानें तो माल समुद्रांतून वर काढला. चहाच्या पेट्यांखालीं दडून राहिल्यामुळें पुष्कळ पात्रें शाबूत होतीं. क्रिस्टियान यॉर्ग या वलंदेज संशोधकानें बीजक व पात्रें समोरासमोर ठेवून १९८६ मध्यें ग्रंथ लिहिला. बीजकांतील कोरडीं नांवें प्रत्यक्ष आकारांशीं ताडून पाहतां आलीं. मागणीचा शब्द व घडलेली वस्तु यांची अशी गांठ क्वचितच पडते.

परंतु माल वर काढणाऱ्याचें लक्ष्य विक्री हें होतें. १९८६ मध्येंच ॲम्स्टरडॅम येथें त्याचा लिलाव झाला व पात्रें जगभर पांगलीं. कोणती पेटी कोणत्या पेटीवर होती, काय कशांत बांधलें होतें, याची शास्त्रीय नोंद झाली नाहीं. याच्या शेजारीं स्वीडनचें 'गॉथेबोर्ग' ठेवून पाहावें. तें १७४५ मध्यें स्वतःच्याच बंदराच्या तोंडाशीं बुडालें, आणि १९८६ ते १९९२ या काळांत पुराणवस्तुशास्त्रज्ञांनीं त्याचें रीतसर उत्खनन केलें. तेथें बहुतांशीं फुटके तुकडे हातीं आले. अखंड पात्रांचा लिलाव आणि नोंदींसह तुकडे, यांपैकीं इतिहासास अधिक कोण देतें, हें या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पुडकें सोडून, कागद निवडून, चांगले तेवढे विकणाऱ्या माणसानें आमच्या दप्तरांची जी हानि केली तीच ही.

म्हणून संग्राहकांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, सरंजामांतील नग फोडून निरनिराळे विकूं नयेत. आणि विकावेच लागले तर एकंदर संख्या, आकार व ते कोणाकडून आले याची टिपणी आधीं करून ठेवावी. दोन, उलटी ढाल, न रंगविलेली रेषा, चुकलेलें अक्षर असलेलें पात्र कमी किंमतीचें समजूं नये, आणि दुरुस्तीच्या नांवाखालीं त्यावर रंग तर मुळींच चढवूं नये. १८४५ मध्यें स्थापन झालेल्या पॅरिसच्या सामसाँ कारखान्यानें अशा पात्रांच्या नकला मोठ्या प्रमाणावर केल्या आहेत, तेव्हां अस्सल-नकली ठरवितांना बूड, झिलई व हाताची ही चूक यांचाच आधार घ्यावा लागतो. तीन, पात्राबरोबर बीजक, पत्र वा नमुन्याचा कागद सांपडला तर तो पात्राहून मोलाचा मानावा. ओकोव्हरच्या नमुन्यावर 'परत करावा' असें लिहिलें होतें, आणि तो परत आला, म्हणूनच कारागिरावरील आरोपाचा निकाल आज करतां येतो. असे कागद आणखी किती घरांत पात्रांपासून ताटातूट होऊन पडले असतील, तिकडे लक्ष पुरविणें हें संग्राहकांचें पहिलें काम होय.